ती उन्हाळी नव्हती

बालमित्रांनो, माझी चार चाकं एका वयाची नाहीत. मागची दोन मूळची आहेत आणि पुढची दोन नंतर बसवलेली, म्हणून चालताना मी जराशी डावीकडे ओढते. अंगावरचा निळा रंग आता फक्त फळ्यांच्या खाचांत उरला आहे. मी शहाद्याच्या बाजारातली लोटगाडी. ओझी वाहण्यात माझा जन्म गेला. पण आज मला गोष्ट सांगायची आहे ती मला लोटणाऱ्या नवलसिंगची, आणि ज्यांच्या दुकानापुढे मी उभी असायचे त्या धर्मचंद शेठची. ती सांगताना मला बरं वाटत नाही. तिच्यातला माल मीच वाहिला होता.

मला घडवलं गिरधर मिस्तरीनं. पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याची पत्र्याची शेड होती. सांगाडा बाभळीचा, फळ्या सागाच्या, दांडा लोखंडाचा. धर्मचंद शेठनं मला दुकानासाठी करून घेतलं आणि नवलसिंगच्या हाती दिलं. नवलसिंग तेव्हा नुकताच सातपुड्यातून खाली आलेला. धडगावच्याही वर, डोंगराच्या कुशीत त्याचा पाडा होता. दिवाळी झाली की बायकोला, रुखमाबाईला घेऊन तो गुजरातेत ऊस तोडायला जायचा. एका वर्षी रुखमाबाईचे दिवस भरत आले, म्हणून दोघं शहाद्यातच थांबले. शेठना हमाल हवाच होता. तो जो थांबला तो थांबलाच.

शेठचे आजोबा राजस्थानातून इकडे आले होते. दुकान म्हणायला किराण्याचं, पण खरी उलाढाल बिडीची. आसपासच्या खेड्यांतले दुकानदार, रनाळ्यापासून कळसाडीपर्यंतचे, बिड्या घ्यायला त्यांच्याकडेच यायचे. शेठ स्वतः मात्र अगदी सोवळे. दिवस मावळला की पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. पाणी गाळून, उकळून प्यायचे. दुकानाच्या पायरीशी मुंग्यांची रांग दिसली तर नवलसिंगला सांगायचे, गाडी जरा बाजूनं घे. त्या मुंग्यांसाठी मी कितीदा तरी भरल्या ओझ्यानिशी वळसा घेतला आहे. माझ्यावर तेव्हा बिडीच्या पेट्या असायच्या.

रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी शेठ गल्ल्याशेजारच्या डब्यातून बिडीचं एक बंडल काढून नवलसिंगला द्यायचे. मजुरीत धरायचे नाहीत. ते मायेचं देणं होतं. नवलसिंग दोन्ही हातांनी ते घ्यायचा, एक बिडी कानावर खोचायचा आणि मग माझा दांडा धरायचा. बाजारातले बाकीचे हमाल म्हणायचे, नवलचं नशीब चांगलं, शेठ आपल्या माणसाला जपतात. खरंच जपत होते, मित्रांनो. कशानं जपतो आहोत, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. तसा तो मीही केला नव्हता.

माझे ते चांगले दिवस होते. नवलसिंग माझ्या चाकांना वंगण लावायचा, पोळ्याला बैलांसारखा मलाही झेंडूचा हार घालायचा. त्याची गाडी कधी कलंडत नाही, अशी ख्याती होती. काच असो, तेलाचे डबे असोत, लोक म्हणायचे, नवलच्या गाडीवर घाला.

मग एक उन्हाळा आला. शहाद्याचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे; दुपारी डांबरात माझी चाकं रुतायची. अशाच एका दुपारी नवलसिंग भिंतीआडून परत आला आणि दांडा धरून उभा राहिला. मग पायरी चढला. आवाज खाली आणून शेठना म्हणाला, "शेठ, लघवीमा लाल पडी ऱ्हायनं."

"दुखस का?" शेठनं विचारलं.

"नही. काहीच दुखत नही."

शेठ हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा तोंड पाडून उभा राहिलेला पाहून त्यांना हसू आलं. "मंग कसानी फिकर? उनाळी शे ती. जिरा-धनानं पानी पी, ठंडा व्हई जाशी."

त्यांनी स्वतः जिरं-धने पुडीत बांधून दिले. थोडा सब्जाही दिला. दोन-तीन दिवसांत लघवी पहिल्यासारखी झाली. शेठना फार आनंद झाला. पुढं आठवडाभर जे गिऱ्हाईक येईल त्याला ते सांगत राहिले की आमच्या नवलला उन्हाळी लागली होती, आमच्या जिऱ्यानं बरी झाली. नवलसिंगही मान हलवायचा. कानावर बिडी असायचीच.

मित्रांनो, या दुखण्याचा कपटीपणा तोच आहे. ते रंग दाखवतं आणि लपतं. दुखत नाही, ताप येत नाही, आणि रंग गेला की माणसाला वाटतं, दुखणं गेलं.

पावसाळ्यात पुन्हा लाल दिसलं. पुन्हा जिऱ्याचं पाणी झालं, पुन्हा आपोआप गेलं. या वेळी शेठच्या सुनेच्या, अल्पनाच्या कानावर ती गोष्ट आली. ती म्हणाली, पप्पाजी, रक्त आहे ते, एकदा लघवी तपासून घेऊ, सोनोग्राफी करू. शेठ म्हणाले, करू, सीझन संपू दे, दिवाळीनंतर नेतो. दिवाळी झाली. कापसाच्या पैशांनी बाजार भरून वाहायला लागला. नवलसिंग बरा दिसत होता, आणि कोणालाच काही आठवलं नाही. अल्पनालाही नाही. ती पुढं कितीतरी दिवस हेच म्हणत राहिली, की मी एकदाच बोलले आणि गप्प बसले.

मला मात्र फरक कळत होता. नवलसिंग आता मला रस्त्यात कुठंही थांबवायचा आणि आडोशाला पळायचा. आला की लगेच पुन्हा जायचा. एकदा शेठ जरा चिडूनच म्हणाले होते, घडी घडी कोठे जास रे? त्यानं मान खाली घातली. लाल पुन्हा दिसत होतं की नव्हतं, ते त्यानं ना शेठना सांगितलं, ना घरी. अशी गोष्ट बायकोला काय सांगायची, असं त्याला वाटायचं.

थंडीच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून बिडीच्या पेट्या भरून आम्ही निघालो होतो. चौकापाशी नवलसिंगनं दांडा सोडला आणि पोट धरून खाली बसला. रक्ताच्या गाठींनी लघवीची वाटच बुजली होती. पोट दगडासारखं फुगलं होतं आणि थेंब बाहेर पडत नव्हता. इतके महिने न दुखणारं ते दुखणं त्या दिवशी असं दुखलं, की दोन-दोन पोती पाठीवर घेणारा माणूस रस्त्यात आडवा झाला.

कोणीतरी धावत जाऊन शेठना सांगितलं. ते अनवाणीच आले. त्यांनी माझ्यावरच्या पेट्या दोन्ही हातांनी ओढून रस्त्यावर टाकल्या. मग चौघांनी मिळून नवलसिंगला माझ्यावर निजवलं, आणि शेठनं माझा दांडा धरला. आयुष्यात पहिल्यांदा. मी डावीकडे ओढते हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा आम्ही गटारीच्या कडेला गेलो. लोक म्हणत होते, शेठ, सोडा, आम्ही लोटतो. त्यांनी सोडलं नाही. पांढरे कपडे घामानं अंगाला चिकटले होते, आणि ते एकच बोलत होते, "नवल, जरासा थांब. नवल, जरासा थांब."

दवाखान्यात नळी घालून गाठी धुऊन काढल्या, पोट मोकळं झालं. मग सोनोग्राफी झाली. मूत्राशयात, म्हणजे लघवी साठते त्या पिशवीत, गाठ दिसली. डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायला सांगितलं. मी दवाखान्याच्या आवारात दोन दिवस तशीच उभी होते. मग कोणीतरी मला ओढत आणून दुकानाच्या मागच्या परसात लावलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण शेठ शहरातून परतले की परसात येऊन माझ्याच फळीवर बसायचे आणि अल्पनाला सगळं सांगायचे. घरात बोलायला त्यांना जड जायचं.

तिथल्या डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत घातली होती. गाठीचा तुकडा काढून तपासला. तो कर्करोग होता, आणि तो पिशवीच्या अस्तरातून खाली, स्नायूंच्या भिंतीत उतरला होता. शरीरात दुसरीकडे कुठं पसरला नव्हता, एवढंच नशीब.

शेठनं विचारलं होतं, डॉक्टरसाहेब, बिडीनं झालं का? डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बिडीचा धूर नुसता छातीत राहत नाही. त्यातलं विष रक्तात जातं, मूत्रपिंडं ते गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन्‌तास पिशवीत साठून राहते. वर्षानुवर्षं ते विष तिच्या अस्तराला लागत राहतं. एका माणसाबद्दल छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण या रोगाचं सगळ्यांत मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे.

मग शेठनं दुसरा प्रश्न विचारला. लाल पहिल्यांदा दिसलं, तेव्हाच आणलं असतं तर? डॉक्टर आधी कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा ती गाठ कदाचित अस्तरापुरतीच असती. दुर्बिणीतून खरवडून काढता आली असती, आत औषध सोडून आवर घालता आला असता. पुन्हा पुन्हा तपासावं लागलं असतं, पण पिशवी बहुधा वाचली असती. आता पिशवी काढावी लागेल."

माझ्या फळीवर शेठच्या मुठी आवळलेल्या होत्या. "मी हासनू व्हतू तव्हय," ते म्हणाले. मी तेव्हा हसलो होतो. एवढंच, आणि पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवसापासून शेठनं उपवास धरला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. नुसतं उकळलेलं पाणी. दुकानात बसायचे, पण बिडीचा डबा मान फिरवून उघडायचे. गिऱ्हाईकाकडे न बघता बंडल पुढं सरकवायचे. शेवटी अल्पना परसात त्यांच्यासमोर उभी राहिली. ती सासऱ्यांपुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. तेव्हाही हळूच बोलली. "पप्पाजी, तुमच्या उपवासानं नवलभाऊंची पिशवी वाचणार नाही. तिथं रुखमाबाई एकटी आहे. तिला त्या शहरातली भाषाही नीट कळत नाही." शेठनं त्याच संध्याकाळी, सूर्य असताना, मुगाचं पाणी घेतलं, आणि रात्रीच्या गाडीनं गेले.

आधी सलाईनमधून कडक औषधं झाली. नवलसिंगचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं. उपचार सरकारी योजनेत बसले, पण सही कुठं करायची, रक्त कुठून आणायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, ते सगळं शेठनं केलं. रुखमाबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांनी आणलेली पपई ती घ्यायची आणि तोंड फिरवायची. तिला सगळं कळलं होतं. एकदाच ती म्हणाली, "माले कोनीच सांगं नही. यानी बी नही, तुम्हीन बी नही." मला कोणीच सांगितलं नाही, यानंही नाही आणि तुम्हीही नाही.

मग मोठी शस्त्रक्रिया झाली. मूत्राशय काढलं. आतड्याचा एक छोटा तुकडा घेऊन लघवीला नवी वाट केली, आणि पोटावर बेंबीच्या उजवीकडे एक लालसर तोंड ठेवलं. त्याच्यावर बाहेरून प्लास्टिकची एक पिशवी चिकटवतात. लघवी आता तिच्यातच उतरते. सिस्टरनं रुखमाबाईला हाताला धरून शिकवलं. पिशवी पुरती भरू द्यायची नाही, अर्ध्याच्या आत रिकामी करायची. बदलताना कातडी कोमट पाण्यानं पुसायची, पुरती कोरडी करायची, मगच नवी लावायची. ओलीवर लावली तर निसटते आणि कातडी सोलवटते. भरपूर पाणी प्यायचं. ताप आला किंवा लघवी कमी झाली तर घरी बसायचं नाही. पहिल्यांदा रुखमाबाईला पिशवी दोनदा काढून लावावी लागली. नवलसिंगनं भिंतीकडे तोंड केलं होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र ती पिशवी लावताना पाड्यावरच्या म्हशीची गोष्ट सांगत होती, आणि तो हसला.

इकडे मी परसात कुजत होते. चाकांतली हवा गेली, दांड्याला गंज चढला. कोंबड्यांनी माझ्याखाली अंडी घातली, वर रिकामी खोकी साचली. त्यांतली कितीतरी बिडीची होती. शेठनं धंदा बंद केला नव्हता, मित्रांनो. हे मला लपवायचं नाही. मुलगा श्रेणिक म्हणायचा, आपण नाही विकली तर समोरचा विकेल, आणि दुकान त्याच्यावरच चालतं. शेठना हेही पटायचं आणि आपलं पटणंही टोचायचं. माझ्यावर येऊन बसले की त्या खोक्यांकडे बघायचे नाहीत.

एके दिवशी सकाळी नवलसिंग परसात आला. सदरा मोठा झाला होता त्याला. त्यानं खोकी खाली काढली आणि फळीवरून हात फिरवला. शेठ मागच्या दारात आले, तिथंच थबकले. मग जवळ आले.

"नवल," ते म्हणाले, "मी चुकनू. तुले तव्हयच दवाखानामा लई जावाले पाहिजे व्हतं. रोज बिडी बी मीच दिधी."

नवलसिंगनं माझ्या दांड्यावरचा गंज नखानं खरवडला.

"बिडी मी वढी, शेठ," तो म्हणाला. "त्याना दोस तुम्हले देत नही. पन मी सांगाले उनू तव्हय तुम्हीन हासनात. ते मन्हा ध्यानमा शे."

सांगायला आलो तेव्हा तुम्ही हसलात, ते माझ्या लक्षात आहे. तो रागावून बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. शेठनं मान हलवली. त्यांनी माफी मागितली, पण माफ केलं असं नवलसिंग म्हणाला नाही. मला वाटतं, ते दोघांनाही बरोबर वाटलं.

डॉक्टरांनी जड ओझं उचलायला कायमची मनाई केली होती. शेठ म्हणाले, दुकानात गल्ल्याशेजारी बस, हिशेब नको, नुसतं लक्ष ठेव. नवलसिंगनं आत डोकावून पाहिलं. त्या डब्याजवळ मी बसणार नाही, एवढं बोलून तो निघून गेला.

शेठ त्या दिवशी जेवले नाहीत, पण या वेळी तो उपवास नव्हता. महिनाभर बापलेकांत कुरबूर चालली. मग एका सकाळी बिडीच्या एजन्सीचा माणूस आला, तेव्हा शेठनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, आता माल पाठवू नका. समोरच्या दुकानदारानं ती एजन्सी लगेच घेतली. बिडी शहाद्यात आजही तितकीच खपते. शेठच्या दुकानातली गर्दी तेवढी कमी झाली.

मला गिरधर मिस्तरीकडे शेठनं स्वतः लोटत नेलं. मिस्तरी आता थकला आहे. त्याच्या मुलानं माझा गंज काढला, चाकांत पुन्हा हवा भरली. आता मी ओझं वाहत नाही. दवाखान्याच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते. पावसाळा संपला की रुखमाबाई धडगावकडून सीताफळं आणते, उन्हाळ्यात आमचूर. नवलसिंग स्टुलावर बसून विकतो. पिशवी सदऱ्याखाली असते, आणि रोज शेजारून जाणाऱ्यालाही ती कळत नाही.

काही महिन्यांनी तपासणीला शहरात जावं लागतं. रोग परत डोकावतो का, ते पाहावं लागतं. पहिल्या दोन वेळांना रुखमाबाई गेली, आणि शेठ न बोलावता त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसून गेले. तिसऱ्या वेळी ती पिशव्या, टॉवेल, पाण्याची बाटली भरत होती, तेव्हा नवलसिंग म्हणाला, "तू गाडीवर ऱ्हाय. शेठ येतीन." तू लोटगाडीवर थांब, शेठ येतील. शेठ माझ्याच पलीकडे उभे होते. त्यांनी एक सीताफळ उचललं, उगीचच वास घेतला, आणि परत ठेवलं. संध्याकाळी दोघं परतले. काही सापडलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. ही गोष्ट तुम्हाला का सांगायची, असं कोणी विचारेल. पण घरात आजोबा, बाबा, काका असतात, आणि आजी-आईही असते. हे दुखणं बायकांनाही होतं, आणि त्यांनाही लोक उष्णता म्हणूनच गप्प बसवतात. लघवीला लाल रंग आला, तर तो एकदाच आला असेल, दुखत नसेल, आपोआप गेला असेल, तरीही दवाखान्यात जायचं. बहुतेक वेळा दुसरंच काही साधं निघतं. निघू द्या. पण ते डॉक्टरला ठरवू द्या, दुकानदाराला नको. आणि कोणी लाजत लाजत असं काही सांगायला आलं, तर हसू नका.

बाजारात आता ही गोष्ट माहीत झाली आहे. एखादा हमाल, एखादा ऊसतोड्या माझ्याभोवती उगीच घोटाळतो, फळांचा भाव विचारतो, घेत मात्र नाही. नवलसिंग ओळखतो. तो त्याला झाडामागे नेतो आणि सदरा वर करून पोटावरची पिशवी दाखवतो. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला जातो. ते दोघं परत येईपर्यंत धर्मचंद शेठ माझ्याजवळ उभे राहून सीताफळं विकतात.